डॉ. अर्नोल्ड केगल: नाव घरोघरी पोहोचले, पद्धत मात्र मागे राहिली

केगल व्यायाम हे नाव बहुतेक स्त्रियांनी कधी ना कधी ऐकलेले असते. बाळंतपणानंतर प्रसूतितज्ज्ञ हा व्यायाम सांगतात. पाळी गेल्यानंतर खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब गळू लागले की फॅमिली डॉक्टरही तोच सांगतात. आता मोबाइलवरच्या जाहिरातीही सांगू लागल्या आहेत. एक लहानसे उपकरण योनिमार्गात ठेवायचे, ते ब्लूटूथने फोनला जोडायचे आणि पडद्यावरचा फुगा वर-खाली होताना पाहत स्नायू आवळायचे, असे या जाहिरातींत दाखवतात.

हे सगळे अगदी नवे वाटते. पण योनिमार्गात ठेवायचे, आकडा दाखवणारे आणि घरी वापरायचे उपकरण सात दशकांहून आधी एका अमेरिकन डॉक्टरांनी बनवले होते. त्यांचे नाव डॉ. अर्नोल्ड केगल. व्यायामाला त्यांचे नाव चिकटले, पण त्यांची पद्धत मात्र बरीचशी गळून पडली. साठी-सत्तरीतल्या स्त्रीने असे उपकरण घ्यावे की नाही, हे ठरवताना ती पद्धत माहीत असणे उपयोगाचे आहे. म्हणून ही त्यांची ओळख.

कोण होते डॉ. केगल?

अर्नोल्ड हेन्री केगल यांचा जन्म १८९४ सालचा. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलिस इथे त्यांनी काम केले. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते स्त्रीरोगशास्त्राचे सहायक प्राध्यापक होते.

त्यांच्याकडे येणाऱ्या स्त्रियांच्या तक्रारी आजच्यासारख्याच होत्या. हसताना, खोकताना, वजन उचलताना लघवी सुटते. खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते. योनिमार्ग सैल झाला आहे, संबंधाच्या वेळी जाणीव कमी होते. बऱ्याच जणींना दोन-तीन बाळंतपणे झालेली असत. हे असेच चालायचे, असे समजून अनेक जणी गप्प बसत. आपल्याकडे आजही वेगळे नाही. लग्नाला गेले तरी खुर्ची बाथरूमच्या जवळची शोधायची, लांबच्या एसटी प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचे नाही, नातवंडांबरोबर मोठ्याने हसायचे नाही, अशा पळवाटा स्त्रिया शोधतात. कारण मात्र कोणाला सांगत नाहीत.

केगल यांच्या काळात त्रास जास्त असेल तर उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. हॉवर्ड केली या नामांकित अमेरिकन शल्यविशारदांनी मूत्राशयाच्या मानेखालच्या ऊतींना टाके घालून आधार देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मांडली होती आणि ती सर्वत्र रूढ झाली होती. काही स्त्रियांना त्याने बरे वाटे, काहींचा त्रास काही वर्षांनी परत येई.

केगल यांनी काय ओळखले?

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक झोळीसारखा पडदा असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिघांचा भार त्यावर असतो. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग त्यातूनच बाहेर येतात. या पडद्यातल्या प्युबोकॉक्सिजिअस नावाच्या स्नायूवर केगल यांनी आपले सगळे लक्ष केंद्रित केले.

आपण खोकतो तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो आणि मूत्राशय दाबले जाते. तळाचा स्नायू घट्ट असेल तर तो त्याच क्षणी आवळतो, मूत्रमार्ग बंद राहतो आणि थेंबही बाहेर येत नाही. बाळंतपणात हा स्नायू खूप ताणला जातो, कधी फाटतोही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होते, आसपासच्या ऊती पातळ आणि कोरड्या होतात. वय, वाढलेले वजन, जुना खोकला आणि बद्धकोष्ठता यांची भर पडते.

केगल यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. हा हातापायांसारखाच आपल्या इच्छेने हलणारा स्नायू आहे. प्लास्टरमध्ये राहिलेला पाय जसा वापर नसल्यामुळे बारीक होतो, तसा हाही वापराविना दुबळा होतो. मग पायाला जसा व्यायाम देतात तसा यालाही दिला, तर तो पुन्हा भरेल. टाके घालून ऊती जवळ आणता येतात, पण त्यामुळे स्नायूत ताकद येत नाही.

हा विचार त्या काळाशी सुसंगत होता. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या दुबळ्या मांड्यांना हळूहळू वाढत्या वजनाचा व्यायाम देऊन थॉमस डीलॉर्म या अमेरिकन डॉक्टरांनी चांगले परिणाम मिळवले होते. त्यांचा लेख १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. वाढत्या प्रतिकाराविरुद्ध व्यायाम, हेच तत्त्व केगल यांनी अशा जागी वापरले जिथे वजन बांधता येत नाही आणि स्नायू डोळ्यांना दिसतही नाही.

खरी अडचण: स्नायू सापडतच नाही

हात वर करा म्हटले की माणूस हात वर करतो. योनिमार्गाभोवतीचा स्नायू आवळा म्हटले तर? बऱ्याच स्त्रिया पोट आत घेतात, कुल्ले आवळतात, मांड्या एकमेकींवर दाबतात किंवा श्वास रोखून खाली जोर लावतात. खाली जोर लावणे तर नेमके उलटे आहे. त्याने तळाच्या पडद्यावरचा भार वाढतो.

केगल यांना हे रोजच्या तपासणीत दिसत होते. म्हणून त्यांच्या पद्धतीची पहिली पायरी होती बोटाने केलेली तपासणी. योनिमार्गात बोट ठेवून ते स्नायू कुठे आहे, किती जाड आहे, किती आवळतो ते पाहत आणि त्या स्त्रीलाही त्या जागेची जाणीव करून देत. योग्य स्नायू हलला की तिथेच सांगत. ज्यांना अजिबात जमत नसे त्यांच्याशी घाई न करता पुन्हा प्रयत्न करत.

असे आकुंचन केगल यांच्या आधी कोणाला माहीत नव्हते, असे नाही. हठयोगात मूलबंध आहे, अश्विनी मुद्रा आहे, आणि त्यांची परंपरा कित्येक शतकांची आहे. इंग्लंडमध्ये मार्गारेट मॉरिस या नर्तिका आणि फिजिओथेरपिस्ट बाईंनी बाळंतपणानंतरच्या व्यायामांवर १९३६ मध्ये पुस्तक लिहिले होते, त्यातही अशा आकुंचनांना जागा होती. केगल यांनी नवे काय आणले, तर मोजमाप.

पेरिनिओमीटर: घरी नेण्याचे पहिले उपकरण

केगल यांनी बनवलेल्या उपकरणाचे नाव पेरिनिओमीटर. रचना अगदी साधी होती. योनिमार्गात ठेवायची हवा भरलेली रबरी नळकांडी, तिला जोडलेली लवचीक नळी आणि नळीच्या टोकाला ब्लड प्रेशरच्या यंत्रावर असते तशी काट्याची तबकडी. तबकडीवर शून्य ते १०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबापर्यंतचे आकडे. स्त्रीने स्नायू आवळला की रबरातली हवा दबते आणि काटा पुढे सरकतो.

या काट्याचे काम दुहेरी होते. फुगलेले रबर स्नायूला आवळण्यासाठी काहीतरी देत होते, म्हणजे प्रतिकार पुरवत होते. शिवाय जो स्नायू दिसत नाही त्याची हालचाल डोळ्यांना दिसत होती. स्नायू हलला की काटा हलतो, हे समजले की मेंदू आणि स्नायू यांची गाठ पडते. शरीराची आतली क्रिया बाहेर दाखवून शिकवण्याच्या या पद्धतीला पुढे बायोफीडबॅक असे नाव पडले. केगल यांच्या वेळी तो शब्दही रूढ नव्हता.

उपकरण दवाखान्यात वापरून ठेवून द्यायचे नव्हते. स्त्रीने ते घरी न्यायचे, दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटे सराव करायचा आणि काटा कुठपर्यंत गेला ते लिहून ठेवायचे, अशी योजना होती. सुरुवातीला जेमतेम हलणारा काटा काही आठवड्यांनी वर चढू लागला की तिला आपली प्रगती कोणाच्या सांगण्यावाचून दिसे. मधूनमधून डॉक्टर पुन्हा तपासत.

म्हणजे त्यांच्या पद्धतीच्या पायऱ्या चार होत्या: आधी तपासणी, मग शिकवणे, मग घरी मोजून सराव, आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासणी. उपकरण ही त्यातली तिसरी पायरी.

१९४८ चा लेख आणि प्रसिद्धी

ऑगस्ट १९४८ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजी या नियतकालिकात केगल यांचा गाजलेला लेख आला. तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. त्यानंतर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५१ मध्ये लघवी गळण्याच्या उपचारावर त्यांनी लिहिले. १९५२ मध्ये त्यांनी याच स्नायूचा लैंगिक सुखाशी असलेला संबंध मांडला. लघवीसाठी व्यायाम करणाऱ्या काही स्त्रिया संबंधाच्या वेळची जाणीवही सुधारल्याचे सांगत होत्या. त्या काळात एका डॉक्टराने स्त्रीच्या या तक्रारीची वैद्यकीय नोंद घेणे ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांच्या यशाचा आकडा म्हणून ८४ टक्के हा आकडा नेहमी सांगितला जातो. पण तो जपून वाचायला हवा. त्यांच्या अभ्यासात उपचार न घेणाऱ्या स्त्रियांचा तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. ते स्वतः शिकवत, स्वतः तपासत आणि निकालही स्वतः नोंदवत. आजच्या कसोटीवर तो भक्कम पुरावा ठरत नाही.

पेरिनिओमीटरमध्येही एक उणीव होती. कोणी श्वास रोखून खाली जोर लावला तरी पोटातला दाब वाढून काटा पुढे जाऊ शकतो. म्हणजे चुकीचा व्यायामही काट्यावर बरोबर दिसू शकतो. बोटाने तपासणी करणारा माणूस सोबत असेल तर ही चूक लगेच पकडता येते. नुसता काटा असेल तर ती राहून जाते.

नाव उरले, पायऱ्या गळाल्या

पुढच्या काही दशकांत शस्त्रक्रियेच्या नवनव्या पद्धती आल्या. १९४९ मध्ये मार्शल, मार्चेटी आणि क्रांट्झ यांची, १९६१ मध्ये बर्च यांची. शस्त्रक्रियेचा निकाल लवकर दिसे, तर व्यायामाला महिने लागत. डॉक्टरांचा कल साहजिकच शस्त्रक्रियेकडे राहिला. केगल व्यायाम पुस्तकांतून, माहितीपत्रकांतून पसरत गेला, पण तो दोन ओळींचा झाला. लघवी अडवतो तसे आवळा आणि सोडा, दिवसातून इतक्या वेळा. बोटाची तपासणी नाही, मोजमाप नाही, पुन्हा भेट नाही.

डॉ. केगल १९७२ मध्ये वारले. पद्धतीतल्या पायऱ्या गळाल्याने काय होते याचा पुरावा त्यांच्यानंतर मिळाला. १९९१ मध्ये अमेरिकेतील बम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला सांगितले आणि नेमके काय होते ते मोजले. साधारण निम्म्या स्त्रियांनाच तो नीट जमला. चौथा हिस्सा स्त्रिया तर असा जोर लावत होत्या की ज्याने गळती वाढू शकेल. केगल करून पाहिले, काही फायदा झाला नाही, असे आपल्याकडे पुष्कळ जणी सांगतात. त्यातल्या किती जणींनी खरोखर योग्य स्नायू आवळला होता, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

दुसरीकडे, नीट शिकवलेला व्यायाम खरोखर उपयोगी पडतो हेही सिद्ध झाले. नॉर्वेच्या कारी बो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १०७ स्त्रियांच्या अभ्यासात दाखवले, की देखरेखीखाली केलेला व्यायाम विजेच्या उत्तेजनापेक्षा आणि योनिमार्गात ठेवायच्या वजनाच्या शंकूंपेक्षा सरस ठरतो. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ३१ अभ्यास एकत्र पाहिले गेले. खोकला-शिंकेबरोबर लघवी गळणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के स्त्रियांनी त्रास बरा झाल्याचे सांगितले, व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. केगल यांचा पुरावा कच्चा होता, पण मूळ कल्पना बरोबर निघाली.

आजची उपकरणे: काट्याची नातवंडे

आज घरी वापरायच्या उपकरणांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार योनिमार्गात ठेवून व्यायाम करण्याच्या उपकरणांचा. काही उपकरणे केगल यांच्या यंत्राप्रमाणे दाब मोजतात, काही स्नायूतली विद्युत हालचाल मोजतात आणि काहींत हालचालीची दिशा ओळखणारे सेन्सर असतात. स्नायू वर उचलला जातो आहे की खाली ढकलला जातो आहे हे दिशा ओळखणाऱ्या उपकरणात कळू शकते. केगल यांच्या काट्याची उणीव काही प्रमाणात इथे भरून निघते.

दुसरा प्रकार विजेचे सौम्य उत्तेजन देणाऱ्या उपकरणांचा. ज्यांना स्नायू अजिबात आवळता येत नाही अशा निवडक स्त्रियांना फिजिओथेरपिस्ट ते सुचवतात. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

तिसरा प्रकार अंगावर घालायच्या उपकरणांचा. ओटीपोटावर चिकटवायचा एक लहान अल्ट्रासाउंड सेन्सर मूत्राशय किती भरले ते मोजतो आणि जायची वेळ झाली की फोनवर सूचना देतो. जपानमध्ये असे उपकरण वृद्धांसाठी वापरात आले. ज्यांना जाणीवच उशिरा होते किंवा ज्यांची काळजी दुसरे कोणी घेते, त्यांना याचा उपयोग होऊ शकतो. मात्र याने स्नायू मजबूत होत नाही.

पहिल्या प्रकारच्या उपकरणांचा फायदा किती, याबद्दल दोन मोठे अभ्यास वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात.

ब्रिटनमधील ओपल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात ६०० स्त्रिया होत्या. निम्म्यांना फक्त व्यायाम शिकवला, निम्म्यांना व्यायामासोबत बायोफीडबॅक उपकरणही दिले, दवाखान्यात आणि घरीही. २०२० मध्ये निकाल आला. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. ब्रिटनची नाइस ही संस्थादेखील अशी उपकरणे सरसकट सगळ्यांना वापरू नयेत असे सांगते.

अमेरिकेतील दुसऱ्या अभ्यासाचा निकाल २०२२ चा. त्यात ३६३ स्त्रिया होत्या. हालचाल ओळखणारे उपकरण घरी आठ आठवडे वापरणाऱ्या स्त्रियांची सुधारणा नुसता घरी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली. सुधारणा दोन्ही गटांत झाली होती.

मग खरे काय मानायचे? तुलना कोणाशी केली ते पाहिले की उलगडा होतो. ब्रिटनच्या अभ्यासात दोन्ही गटांतल्या स्त्रियांना थेरपिस्ट प्रत्यक्ष भेटून शिकवत होते. अमेरिकेच्या अभ्यासात दुसऱ्या गटाला फक्त लेखी सूचना आणि व्हिडिओ दिला होता. म्हणजे शिकवणारे माणूस हजर असेल तर उपकरणाने फारशी भर पडत नाही, आणि शिकवणारे कोणीच नसेल तर उपकरण थोडीफार ती जागा भरते. केगल यांच्या चार पायऱ्यांशी हे जुळते.

महाराष्ट्रात हा फरक महत्त्वाचा आहे. या स्नायूंचे खास प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरांत मिळतात, तालुक्याच्या गावी क्वचित. तिथे पहिली तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करून घेता येते. पाच मिनिटांच्या त्या तपासणीत योग्य स्नायू आवळला जातो की नाही हे कळते. तपासणीच्या वेळी ते आवर्जून विचारा, कारण न विचारता ते पाहिले जाईलच असे नाही.

उपकरण घेण्याआधी

• योनिमार्गाची तपासणी झालेली असावी. पाळी गेल्यानंतर कोरडेपणा असेल तर उपकरण आत घालताना दुखते, त्वचा फाटू शकते. आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने कोरडेपणावर उपचार घ्या. योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेन क्रीम बऱ्याच जणींना चालते, पण स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

• गळतीचा प्रकार ओळखा. खोकला-शिंकेबरोबर गळणे आणि बाथरूमपर्यंत पोहोचेपर्यंत न थांबणे हे वेगळे त्रास आहेत. दुसऱ्यात ठरावीक वेळी लघवीला जाण्याची सवय आणि कधी औषधेही लागतात.

• जंतुसंसर्ग, रक्तस्राव, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा ओटीपोटावर घेतलेले रेडिएशन असेल तर परवानगीशिवाय वापरू नका.

• काही स्त्रियांचे हे स्नायू सैल नसून सतत ताठलेले असतात. त्यांना संबंधाच्या वेळी दुखते, लघवी अडखळते. त्यांनी आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणे वाढते. त्यांना सैल सोडायला शिकावे लागते.

• उपकरण एकीचेच असावे. सासू-सून किंवा बहिणी-बहिणींत वाटून घेऊ नये. सूचनेप्रमाणे धुऊन, कोरडे करून ठेवावे.

• ॲप कोणाच्या फोनवर असेल याचा विचार करा. अनेक घरांत आजींचे ॲप मुलाच्या किंवा नातवाच्या फोनवर असते. इतकी खाजगी माहिती तिथे नको असेल तर ॲपशिवाय चालणारे उपकरण किंवा नुसता व्यायाम बरा.

• योनिमार्ग घट्ट करून देण्याच्या लेझरच्या जाहिरातींना भुलू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा वापराबद्दल इशारा दिला होता.

उपकरणाशिवाय कसे करावे?

पाठीवर, गुडघे वाकवून झोपा. वायू सुटू नये म्हणून जसे मागून आवळतो तसे आवळा आणि ती ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणून आत-वर उचला. श्वास चालू ठेवा. पोट, मांड्या, कुल्ले सैल असू द्या. काही सेकंद धरा, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. असे किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. नंतर काही जलद आकुंचनेही जोडा. लघवी करताना धार अडवून व्यायाम करण्याची सवय लावू नका.

खोकला किंवा शिंक येते आहे असे वाटले की त्याआधी क्षणभर आवळा. १९९८ मध्ये अमेरिकेत सरासरी ६८ वर्षांच्या २७ स्त्रियांना एवढीच युक्ती शिकवली होती. आठवड्याभरात त्यांची खोकल्यासोबतची गळती बरीच कमी झाली. म्हणजे वय झाले म्हणून आता काही होणार नाही, हे खरे नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

लघवीत रक्त, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव, जळजळ आणि ताप, लघवी अजिबात न होणे, दिवसरात्र सतत गळणे, पायांत बधिरपणा येऊन अचानक सुरू झालेली गळती, किंवा योनिमार्गातून गोळा बाहेर येणे, यापैकी काहीही असेल तर व्यायाम किंवा उपकरण सुरू करण्याआधी तपासून घ्या. अंग बाहेर येत असेल तर रिंग बसवण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत पर्याय आहेत.

केगल यांचे रबरी नळकांडे आता कोणी वापरत नाही. त्यांनी दिलेला आकडाही आपण जसाच्या तसा मानत नाही. मात्र आधी कोणीतरी तपासून योग्य स्नायू दाखवावा, मग घरी मोजून सराव करावा आणि काही आठवड्यांनी पुन्हा दाखवावे, हा क्रम आजही बरोबर आहे. उपकरण घेणार असाल तर त्याच क्रमाने घ्या. घेणार नसाल तरी पहिली तपासणी तेवढी चुकवू नका. डॉक्टरांसमोर विषय कसा काढावा हे सुचत नसेल तर एवढेच सांगा, की खोकताना लघवी सुटते. पुढचे प्रश्न विचारणे हे डॉक्टरांचे काम आहे.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या तब्येतीनुसार निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.